पाठीवर चांदण्या, अंगात ऊन

मे महिन्यात जामनेरला पारा ४४-४५ वर गेला की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. कूलरमध्ये पाणी कोणी भरायचं यावरून घराघरात भांडणं. कांग नदीचं पात्र ठिकठिकाणी कोरडं पडलेलं, चिखलाला भेगा गेलेल्या. अशा एखाद्या भेगाळलेल्या चिखलाखाली, खाली जिथे थोडी ओल उरली आहे तिथे, एखादं कासव स्वतःला गाडून घेऊन पडलेलं असू शकतं. खात नाही, पीत नाही, हलत नाही. पावसाचं पाणी खालपर्यंत झिरपलं की ते बाहेर येणार.

हे आपल्याकडचं मऊ पाठीचं कासव. नदी, तळी, पाटचाऱ्या, विहिरी, सगळीकडे सापडतं. पोटाखाली मागच्या बाजूला त्याला कातडीच्या दोन झडपा असतात. मागचे पाय आत घेतले की झडपा बंद!

इतके दिवस उपाशी राहणारा प्राणी पाळायला किती सोपा, असं तुमच्या मनात आलं का? खूप जणांच्या मनात येतं. कुत्र्याला फिरवावं लागतं, मांजराला दूध लागतं, पोपट ओरडून घर डोक्यावर घेतो. कासव बिचारं कोपऱ्यात बसतं. दगडासारखी पाठ, शंभर वर्षांचं आयुष्य अशी ख्याती, शिवाय महादेवाच्या देवळात नंदीपुढे दगडी कासव असतं, त्यामुळे घरात कासव म्हणजे शुभ. लोक सहज म्हणतात, "त्याला काय होतंय!"

त्याला खूप काही होतं, आणि तेच आज सांगायचं आहे. सगळ्यात जास्त होतं ते लहान कासवांना.

आपल्या देशात चोरून सगळ्यात जास्त पाळलं जाणारं जमिनीवरचं कासव म्हणजे स्टार कासव. कोणी त्याला चांदणी कासव म्हणतं. काळ्या पाठीवर उंचवटे, प्रत्येक उंचवट्याच्या टोकाला पिवळा ठिपका, आणि त्या ठिपक्यातून चहूकडे निघालेल्या पिवळ्या रेघा. पाठभर चांदण्या! वाळलेल्या गवतात ऊन-सावलीच्या रेघा पडतात ना, त्यात हे कासव बसलं की दोन पावलांवरून दिसत नाही. गुजरात-राजस्थानचा कोरडा माळ, पलीकडे पाकिस्तानातला सिंध, इकडे दक्षिणेत आंध्र, तमिळनाडू, कर्नाटकचा काही भाग आणि श्रीलंका, हा त्याचा मुलूख. हे पाण्यातलं कासव नव्हे. त्याला पोहता येत नाही. काचेच्या पेटीत पाणी भरून त्यात स्टार कासव सोडणारी माणसं आहेत, आणि त्यातली कासवं बुडून मरतात.

त्याच्या घुमटासारख्या पाठीची एक गंमत ऐका. हंगेरी देशात गाबोर डोमोकोश आणि पीटर व्हार्कोनी हे दोघे एका कोड्याच्या मागे लागले होते. आतून सगळीकडे सारखी भरीव असलेली अशी वस्तू बनवता येईल का, की ती कशीही ठेवली तरी डोलत डोलत एकाच बाजूवर येऊन थांबेल? तळाला शिसं भरलेली बाहुली तशी उभी राहते, पण ती लबाडी झाली, कारण तिचं वजन खाली लपवलेलं असतं. यांना लबाडी नको होती. २००६ साली त्यांना तो आकार सापडला. त्याचं नाव गोम्बोत्स. मग त्यांच्या लक्षात आलं की हा आकार तर ओळखीचा दिसतोय! त्यांनी खरोखरची कासवं मोजायला घेतली, आणि गोम्बोत्सच्या अगदी जवळ जाणारी पाठ निघाली आपल्या स्टार कासवाची. उंच घुमटाची कासवं उलटी पडली की पाय थोडे झाडले, मान थोडी ताणली, की घरंगळून सरळ होतात. माणसांच्या हाती २००६ मध्ये लागलेला आकार हा प्राणी लाखो वर्षं पाठीवर घेऊन फिरतोय.

आणि हे सरळ होणं त्याच्यासाठी जिवावरचं काम असतं. कासवाची फुप्फुसं असतात पाठीच्या कवचाला आतून लागून, वरच्या बाजूला. कासव उलटं पडलं की पोटातली सगळी आतडी-बितडी त्या फुप्फुसांवर येऊन बसतात. वरून ऊन असेल तर मग फार वेळ उरत नाही.

कवच म्हणजे कासवाचं घर, असं आपण लहानपणापासून ऐकतो. घरातून बाहेर पडता येतं. कासवाला कवचातून कधीच बाहेर पडता येत नाही, कारण त्याच्या बरगड्या आणि पाठीचा कणाच पसरून, एकमेकांना जुळून ते कवच झालेलं असतं. वर नखाच्या द्रव्याची पातळ आवरणं, खाली जिवंत हाड. त्यात रक्त वाहतं, त्यात नसा आहेत. कवचाला हलकेच हात लावला तरी कासवाला कळतं. आता विचार करा, दोरी बांधायला म्हणून त्या कवचाला भोक पाडतात तेव्हा काय होत असेल. कोणी त्यावर रंग फासतं, कोणी नाव लिहितं.

बरगड्या अशा जखडलेल्या असल्यामुळे आणखी एक पंचाईत. तुम्ही आता खोल श्वास घ्या. छाती फुगली? कासवाची फुगूच शकत नाही. आपल्या छाती-पोटाच्या मध्ये जो स्नायूंचा पडदा असतो, तो हलला की आपला श्वास चालतो. तसा पडदाही त्याला नाही. ते पोटाचे स्नायू आवळून आणि सैल सोडून हवा आत-बाहेर करतं. त्यामुळे त्याला आपल्यासारखं जोरात खोकता येत नाही. फुप्फुसात कफ झाला, तर तो बाहेर टाकायचा कसा? म्हणून साधी सर्दीही कासवाला महागात पडते. उन्हाळ्यात कूलरची गार, ओली हवा आपल्याला किती बरी वाटते. त्या हवेत फरशीवर बसवलेल्या स्टार कासवाच्या नाकातून पाणी यायला लागतं, तोंड उघडं टाकून ते श्वास घेऊ लागतं. तोवर आजार आत पोहोचलेला असतो.

आता उन्हाकडे येऊ, कारण सगळी मेख तिथेच आहे.

तुमच्या-माझ्या अंगात एक भट्टी सतत पेटलेली असते. बाहेर थंडी असो की ऊन, अंग ३७ अंशांच्या आसपास. कासवाकडे ती भट्टी नाही. त्याला ऊब बाहेरून घ्यावी लागते. सकाळी उन्हात बसायचं, अंग तापलं की चरायला जायचं, ऊन चढलं की झुडपाखाली शिरायचं, संध्याकाळी परत बाहेर. दिवसभर त्याचा ऊन-सावलीचा हिशेब चालू असतो. अंग तापलेलं असेल तरच खाल्लेलं पचतं. गार खोलीत कासवाने पोटभर खाल्लं, तर ते अन्न पोटात तसंच पडून राहतं. उलट भर उन्हात सावली मिळाली नाही, अंग चाळिशीच्या पुढे तापलं, तर मरण.

ऊन आणखी एक काम करतं. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण कातडीवर पडले की अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं. ते असेल तरच खाण्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, हाडांत जाऊन बसतो. आणि कासव म्हणजे किती हाड, ते आत्ताच पाहिलं आपण! खिडकीजवळ ठेवलंय, ऊन येतं की तिथे, असं लोक सांगतात. पण हाड बळकट करणारे ते विशिष्ट किरण खिडकीच्या काचेतून आत येतच नाहीत. ऊब येते, उजेड येतो, हवे ते किरण बाहेरच राहतात. मग काही महिन्यांत कवच मऊ पडायला लागतं. बोटाने दाबलं तर दबतं. पाय वाकडे होतात, जबडा लिबलिबीत होतो, खाता येत नाही. त्यात खायला काय देतात? कोबी, काकडी, टोमॅटो, कधी भात, कधी पोळी. रानातलं स्टार कासव गवत, रानभाज्या, पडलेली फुलं-फळं आणि मांसल पानं खातं. चरचरीत, धागेदार खाणं.

जामनेरच्या चाणाक्ष पोरांनी एव्हाना मला पकडलं असेल. "ऊनच पाहिजे ना? मग आमच्याकडे उन्हाची काय कमी? अंगणात सोडून देऊ!"

प्रश्न बरोबर आहे. उत्तरासाठी गच्चीवर एक प्रयोग करा. चिखलाचे दोन गोळे वळा, एक लिंबाएवढा, एक नारळाएवढा. सकाळी दोन्ही उन्हात ठेवा आणि तासातासाने बोट दाबून बघा. लहान गोळा आधी तापतो, आधी वाळतो. का? दोन सेंटीमीटर बाजूचा ठोकळा घ्या. त्याचं बाहेरचं क्षेत्रफळ २४, आतलं घनफळ ८. म्हणजे आतल्या एका घन सेंटीमीटरच्या वाट्याला बाहेरचे ३ चौरस सेंटीमीटर येतात. चार सेंटीमीटर बाजूच्या ठोकळ्याचं क्षेत्रफळ ९६, घनफळ ६४, म्हणजे वाट्याला दीडच. जीव जितका लहान, तितकी त्याची आतली ओल बाहेरच्या हवेला जास्त उघडी.

स्टार कासवाचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा जेमतेम साडेतीन-चार सेंटीमीटर असतं. आपल्या फरशीच्या अंगणात, एप्रिलच्या उन्हात, ते काही तासांत वाळून जाईल. रानातली पिल्लं पावसाळ्याच्या आसपास बाहेर पडतात, दमट मातीत, गवताच्या बुडाशी दडून राहतात. ही ओल किती महत्त्वाची, ते व्हिएन्नातल्या दोन शास्त्रज्ञांनी २००३ साली दाखवलं. त्यांनी आफ्रिकेतल्या एका मोठ्या जातीच्या कासवाची पिल्लं वेगवेगळ्या दमटपणात वाढवली. कोरड्या हवेतल्या पिल्लांच्या पाठीवरचे खवले पिरॅमिडसारखे टोकदार वर आले, दमट हवेतल्या पिल्लांची पाठ बरीच सपाट राहिली. तोवर सगळे जण दोष खाण्यातल्या प्रथिनांना देत होते! स्टार कासवाच्या पाठीला उपजतच थोडे उंचवटे असतात, म्हणून पाळलेल्या कासवाच्या पाठीवर टेंगळं आली तरी "जातच तशी आहे" असं वाटून जातं.

म्हणजे हवं काय, बघा: गरम कोपरा हवा, गार कोपरा हवा, खरं ऊन हवं, दाट सावली हवी, उकरायला माती, लपायला ओल, आणि चरायला रान. यातलं एक काढलं की कासव आजारी. शिवाय ते आजारी पडल्याचं सांगत नाही. त्याच्या अंगातला सगळा कारभार इतका संथ, की आज केलेली चूक पुढच्या वर्षी दिसते. कुत्रा दोन दिवस जेवला नाही तर घर हवालदिल होतं. कासव दोन महिने जेवलं नाही तरी लोक म्हणतात, झोपलंय.

जगातलं सगळ्यात लहान जमिनीवरचं कासव दक्षिण आफ्रिकेच्या नामाक्वालँड भागात राहतं. नर सहा ते आठ सेंटीमीटर, मादी फार तर दहा. तुमच्या तळहातावर मावेल. खडकांच्या फटीत राहतं, कोवळी पानं-फुलं खातं, आणि मादी एका वेळी एकच अंडं घालते. एक कासव कोणी खिशात घालून नेलं, तर त्या खडकावरची उणीव भरून यायला किती काळ जाईल, हे त्या एका अंड्यावरून समजतं. त्याला नेणारे नेतातच. लहान आणि देखणं असणं कासवांना फार भोवतं.

आपल्या स्टार कासवालाही तेच भोवलं. अभ्यासकांनी २०१५ साली छापलेल्या एका पाहणीत आढळलं, की भारतातल्या एकाच भागातून वर्षाला निदान ५५,००० स्टार कासवं पकडून विकली जात होती. बहुतेक पिल्लंच, कारण ती लपवायला सोपी. मोज्यात कोंबून, चिकटपट्टी गुंडाळून, बॅगेच्या तळाशी भरून त्यांना विमानाने परदेशात नेतात. ती उचलली जातात तेव्हाच अर्धा घात झालेला असतो. कोरड्या मुलखातली कासवं मूत्राशयात पाणी साठवून ठेवतात, उन्हाळ्याची शिदोरी म्हणून. कोणी अचानक उचललं की घाबरून ते सगळं पाणी सोडून देतात. आपल्याला वाटतं, शी! हात खराब झाला. त्याची मात्र कित्येक दिवसांची बेगमी गेलेली असते.

हे थांबावं म्हणून कायदे कडक होत गेले. रानातल्या प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणारा सायटेस नावाचा करार आहे. २०१९ साली त्याच्या सगळ्यात कडक यादीत स्टार कासव गेलं. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही बदल झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून ते वाघाच्या पंगतीत, पहिल्या अनुसूचीत आलं. आपलं मऊ पाठीचं कासवही तिथेच आहे. त्यांना पकडणं, पाळणं, विकणं, विकत घेणं, सगळा गुन्हा. शिक्षा तीन ते सात वर्षांचा तुरुंग आणि वर दंड.

पकडलेली कासवं जप्त झाली, की पुढे काय? सोडून द्यायची रानात, झालं! असं वाटतं ना? तेही सोपं नाही. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये सिंगापूरहून ५१ स्टार कासवं विमानाने बंगळूरला परत आली. तिकडे चोरून नेलेली, तिथल्या एका प्राणिसेवी संस्थेने सांभाळलेली. आल्या आल्या त्यांना रानात सोडलं नाही. आधी वेगळं ठेवून तपासायचं, कारण बंदिवासात गर्दीने राहिलेल्या कासवांना असे आजार जडलेले असतात, की एक आजारी कासव रानातल्या सगळ्या कासवांना ते देऊन बसेल. मग इथलं गवत, इथलं ऊन यांची सवय करायची. शिवाय सोडायचं कुठे, हाही प्रश्न. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी स्टार कासवांचा डीएनए तपासला, तेव्हा वेगवेगळ्या भागांतल्या कासवांत फरक सापडले. गुजरातचं कासव तमिळनाडूत सोडणं म्हणूनच योग्य नव्हे. आणि जप्त केलेलं पिल्लू तर आपला पत्ता सांगू शकत नाही.

कासवं पिंजऱ्यात ठेवणं वाईटच, असं मात्र मी म्हणणार नाही. काही वेळा त्यातूनच ती वाचतात. जे. विजया नावाची एक मुलगी होती, भारतातली पहिली स्त्री सरीसृपतज्ज्ञ. रोमुलस व्हिटेकर यांनी १९७६ साली मद्रासजवळ मगरींसाठी एक केंद्र सुरू केलं, तिथे ती काम करायची. केरळच्या जंगलात जमिनीवर राहणारं एक छोटंसं कासव आहे, मोठं झालं तरी तेरा सेंटीमीटरच्या आसपास. १९१२ साली त्याची नोंद झाली आणि त्यानंतर सत्तर वर्षं ते कोणत्याही शास्त्रज्ञाला दिसलं नाही. विजया चालकुडीच्या जंगलात जाऊन राहिली. तिथल्या काडर आदिवासींना ते कासव माहीत होतंच! त्यांच्या मदतीने १९८२ साली तिने ते शोधून काढलं. ते काय खातं, कुठे लपतं, कधी फिरतं, हे तिने जंगलातही पाहिलं आणि केंद्रात ठेवूनही पाहिलं. पुढे २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या कासवाच्या प्रजातीला तिचंच नाव दिलं, विजयाचेलिस. मला ही गोष्ट फार आवडते. त्या कासवाला तिनेही जवळ ठेवलं होतं, पण आधी त्याच्या घरी जाऊन राहून आली होती ती.

तर जामनेरात, पहूरला, शेंदुर्णीला, कुठेही कोणाकडे स्टार कासव असल्याचं कळलं, तर आधी घरातल्या मोठ्यांना सांगा. ते वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करतील. कासव परस्पर वाघूर धरणात सोडू नका, त्याला पोहता येत नाही हे आता तुम्हाला माहीत आहे. दुकानातून आणलेलं लाल कानाचं हिरवं कासव असेल तर तेही धरणात नको. ते अमेरिकेतलं, पोहण्यात पटाईत, आणि आपल्या कासवांचं अन्न, जागा दोन्ही बळकावतं.

पाहायचीच असतील, तर आपली कासवं पाहा. अजिंठ्याच्या लेण्यांखालून निघालेली वाघूर आपल्याच तालुक्यातून वाहते. पावसाळा संपला की मोठ्या माणसाला सोबत घेऊन सकाळी नऊ-दहाच्या सुमारास काठापासून लांब, सावलीत बसा. उतरत्या दगडांवर आणि पाण्यात पडलेल्या ओंडक्यांवर नजर ठेवा, पाण्याबाहेर आलेलं कासवाचं नळीसारखं नाक शोधा. वहीत तारीख, वेळ, जागा आणि ऊन कसं होतं ते लिहा. कासव दगडावर आलं, तर कोणत्या बाजूला तोंड करून बसलं, किती वेळ बसलं आणि ढग आल्यावर त्याने काय केलं, हेही लिहा. मग मे महिन्यात त्याच जागी जा आणि चिखलात एखादं ताजं उकरलेलं भोक दिसतं का ते बघा. हात घालू नका.